गवंड्याच्या हातचा कप

आमच्या सासूबाई गेल्या हिवाळ्यापासून आपल्या खोलीत, दार लावून जेवायला लागल्या आणि घरातल्या सगळ्यांनी ते निमूटपणे मान्य केलं. मी केलं नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आमचे हे म्हणतात. असेल. यांचा राग कुठे असतो ते मला इतकी वर्षं संसार करूनही सापडलेलं नाही. आई खोलीत जेवणार म्हटल्यावर यांनी एवढंच केलं, की मी ताट घेऊन निघाले की उठून दार उघडून धरायचं.

झालं होतं असं, की सासूबाईंचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी सगळं नीट तपासलं आणि म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, वयानं होतं असं, सवय करून घ्या. सांगायला त्यांचं काय जातंय. सासूबाई म्हणजे उभा जन्म शिवणकाम केलेली बाई. त्यांच्या दुकानातून एक वाकडी शिवण कधी बाहेर गेली नाही. गिऱ्हाईक दारात घाई करत उभं असलं तरी त्या उसवायच्या, पुन्हा शिवायच्या आणि मगच कपडा हातात द्यायच्या. अशा बाईच्या हातातला चहा एके दिवशी बशीत, बशीतून मांडीवर आणि मांडीवरून जमिनीवर गेला, तोही नातीच्या मैत्रिणींसमोर. कुणी हसलं नाही. उलट त्यातली एक पोरगी नको इतक्या प्रेमानं पुसायला धावली. तेच त्यांना लागलं असावं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ताट खोलीत मागवलं.

आता आमचं दोघींचं काही फार गूळपीठ होतं अशातला भाग नाही. मीठ जास्त, मीठ कमी, खिडकी उघडी का, खिडकी बंद का, कशावरूनही आमची जुंपायची. आणि जुंपायची ती जेवतानाच, कारण एरवी मी माझ्या ऑफिसात आणि त्या त्यांच्या दुकानात. टेबलाच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये हे आणि माझी लेक मान खाली घालून घास मोजल्यासारखे जेवतायत, असं आमचं घर. त्या खोलीत गेल्या आणि टेबल शांत झालं. सगळ्यांना वाटलं, मला बरंच वाटत असणार. मला मेलं जेवणच गोड लागेना. त्यांच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा साठायला लागला तेव्हा मला पुढचं दिसायला लागलं. हे असंच चाललं तर ही बाई दाराआडच संपून जाईल आणि आम्ही शेवटपर्यंत ताटं पोचवत राहू.

मी आधी बाजारातून झाकणाचा पेला आणला. प्लॅस्टिकचा, नळी लावलेला, दोन्ही बाजूंनी कान असलेला. सासूबाईंनी तो फिरवून फिरवून बघितला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "आता एक लाळेरंही शिवून घे मला."

पेला कचऱ्याच्या डब्यात गेला. मी कपाळाला हात लावला आणि दुसरी वाट शोधायला लागले.

वाट सापडली ती लेकीमुळे. तिच्या कॉलेजजवळच्या मैदानावर हस्तकलेचा मेळा भरला होता. ठिकठिकाणचे कारागीर आपापला माल घेऊन आले होते, समोर बसून करूनही दाखवत होते. मला वाटलं, इतकी माणसं हातानं भांडी करतात, त्यातल्या एकानं तरी असा पेला केलेला असेल, जो म्हाताऱ्या हातात नीट बसेल आणि बाळाचा वाटणार नाही. पण सासूबाईंना "तुमच्यासाठी पेला बघायला जाऊ" म्हटलं असतं तर त्यांनी दाराला आतून कडी घातली असती. म्हणून मी म्हटलं, मला पलंगावर घालायला हाताच्या टाक्यांची चादर घ्यायची आहे, तुम्ही चला, मला मेलीला शिलाईतलं काय कळतं.

"ते खरं आहे," त्या म्हणाल्या आणि चपला घालायला लागल्या.

मैदानावर कापडी मंडप होते आणि मध्ये चालायला गवताच्या चटया अंथरल्या होत्या. एका बाजूला तांब्याच्या पत्र्यावर ठोकणारा माणूस, त्याच्या शेजारी बोटं चिरलेली असूनही बांबूच्या पट्ट्या सटासट विणणाऱ्या दोघी जावा, पुढे कापडावर ठसे मारणारं एक कुटुंब. ठोकण्याचा आवाज, ओल्या रंगाचा वास, आणि माणसं हातात वस्तू घेऊन उगाच खालून बघतायत, जणू सगळ्यांना सगळं कळतं. सासूबाईंनी दोन्ही हात शालीत घातले होते. त्या बाहेर पडल्या की हात शालीतच असतात.

चादरीच्या मंडपात मात्र त्यांचा एक हात हळूच बाहेर आला. कापडाची कड त्यांनी चिमटीत धरली आणि तिथल्या बाईला विचारलं, "हा कोपरा दुसऱ्या कुणी केलाय ना?"

ती बाई चमकली. "माझ्या नणंदेनं. तुम्हाला कसं कळलं?"

"घाईत होती ती. बाकी काम चांगलं आहे तुझं. हिला ती निळी दे, ही नको."

आमच्या माणसाला असं कामाला लागलेलं बघून मला बरं वाटलं. चादर घेतली, पिशवीत घातली, आणि मग मी अगदी सहज चालल्यासारखी भांड्यांच्या रांगेकडे वळले. तांब्याचा पेला बघितला, पण त्यात गरम काही ओतलं की हात भाजणार. लाकडाचा एक होता, गोल, गुळगुळीत, बघताक्षणी मन बसेल असा. मी तो त्यांच्या हातात दिला. "बघा किती हलका आहे," म्हटलं. हलका होता हे खरं. त्यांच्या बोटांत तो असा नाचायला लागला, की त्यांनी तो पटकन फळीवर ठेवला आणि हात शालीत गेला.

"सूनबाई," त्या पुढे बघत म्हणाल्या, "तुझ्या पलंगावर पेले अंथरायचेत का?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. त्या थकलेल्या दिसत होत्या आणि त्यांचे गुडघेही बोलायला लागले होते. "मला कुठेतरी बसव आणि मग तुझं काय ते आटप," त्या म्हणाल्या. आवाजात रागही नव्हता. तो असता तर मला जास्त चाललं असतं.

बसायला जागा दिली ती कुंभारणीनं. रांगेच्या टोकाला तिचा मंडप होता. पुढे फळ्यांवर कप, वाडगे, बरण्या मांडलेल्या, बाजूला फिरतं चाक, आणि मागे पडदा. मी नुसतं "आजींना जरा टेकायला" एवढंच म्हटलं, तर तिनं पडदा वर केला आणि आत हाक दिली, "अहो, खोकं रिकामं करा एक."

आत तिचा नवरा खोक्यांच्या मधोमध बसून थर्मासमधून चहा ओतत होता. आडवा बांधा, पंजे हे एवढे. त्यानं खोक्यावरचं गवत झटकलं, सासूबाईंना बसवलं आणि एक शब्द न बोलता आपल्यापुढचा भरलेला कप त्यांच्या हातात दिला. "घेता का" नाही, "नको का" नाही. दिला आणि परत आपला थर्मासचं झाकण लावत बसला.

मी पुढे उभी होते. सासूबाई घराबाहेर घोटभर पाणी घेत नाहीत हे मला माहीत, त्यामुळे मी पडद्याच्या फटीतून हात पुढे करून कप काढून घ्यायच्या बेतात होते. मग माझं लक्ष कपाकडे गेलं आणि मी तिथेच थांबले.

त्यांचा हात थरथरत होता. कप नव्हता. म्हणजे थोडा हलत होता, पण नाचत नव्हता. बुडाला जाड, ओबडधोबड, मातकट रंगाचा कप, कडा एकीकडे जरा उतरलेली. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, जरा ठरेपर्यंत वाट बघितली, ओठांपर्यंत नेला आणि एक घोट घेतला. थेंबही सांडला नाही. दुसरा घोट घेतला. मग त्यांनी कप खाली मांडीवर टेकवला आणि त्याच्याकडे बघितलं. मी समोरच्या बरणीचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं.

"तो आत कप आहे ना," मी कुंभारणीला म्हटलं, "तसला मला हवाय."

"कुठला?" तिनं पडद्याआड डोकावून बघितलं आणि कानांना हात लावले. "ताई, तो विकायचा नाही. तो आमच्या ह्यांनी केलेला. फसलेला आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. भांडी करणं हे तिच्या माहेरचं काम. नवरा मूळचा गवंडी. उंचावर चढायचं बंद झाल्यावर हिच्याबरोबर चाकावर बसायला लागला, पण भिंती बांधलेला हात तो. माती वर ओढून पातळ करायच्या ऐवजी खाली दाबतो, बुडाशी ढीग घालतो. त्याची सगळी भांडी अशीच, पाया पक्का आणि वर बोंब. "इतकी वर्षं झाली, एक कप फळीवर ठेवण्याच्या लायकीचा केला नाही ह्यांनी. आम्ही आमच्यात वापरतो ते. वाया कशाला घालवायचे."

पडद्यामागून गवंडी म्हणाला, "घर पडत नाही माझं."

"कप आहे तो," कुंभारीण म्हणाली. "त्यात कुणी राहणार नाही."

मी माझी अडचण तिला हळू आवाजात सांगितली. आत ऐकू जाणार नाही अशी. तिनं ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा मऊ झाला. "मग मी करून देते की जड. त्यात काय मोठं. भाजून पाठवून देईन." तिनं बाह्या वर केल्या, मातीचा गोळा चाकावर आपटला आणि पाणी लावलं.

मी आयुष्यात इतकं मजेशीर काही बघितलं नव्हतं. तिनं गोळा दाबला, जाडच ठेवायचा म्हणून ओठ घट्ट मिटले, आणि तिचे हात आपले आपण वर जायला लागले. माती तिच्या बोटांतून गोगलगायीच्या शिंगासारखी वर आली. भिंत पातळ, बूड पातळ, कड कशी रेखलेली. सुंदर कप झाला. तिनं तो बघितला, शिवी हासडली आणि गोळा करून टाकला. दुसऱ्यांदा तिनं डोळे मिटून घेतले. तोही सुंदर झाला, वर पहिल्यापेक्षा हलका.

"माझा हात बसलाय ताई," ती वैतागून म्हणाली. "तो ऐकतच नाही."

गवंडी आता पडदा बाजूला करून बघायला आला होता. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला अजून दिसतो. "मी करू का?" त्यानं विचारलं.

"तुम्ही आत बसा."

"पहिलं गिऱ्हाईक आलंय माझं, आणि आत बसू?"

"मला केलेलाच द्या ना," मी म्हटलं. "तो आजींच्या हातातला. तुम्ही म्हणाल ती किंमत."

"किमतीचा प्रश्न नाही," कुंभारीण म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण ती ताठ झाली. "उद्या तुमच्याकडे चार माणसं येतील, कप उलटा करून बघतील, कुठला म्हणून विचारतील. तुम्ही माझा मंडप सांगणार. माझ्या आईनं फसलेलं भांडं कधी विकलं नाही, मी विकणार नाही. फुकट देणार नाही आणि चोरूनही देणार नाही."

आता मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं. पण माझं नाक. मी म्हटलं, "अहो, एका म्हाताऱ्या माणसाचा चहा अडलाय आणि तुम्ही कडा सरळ आहे की वाकडी ते बघताय? एवढा कसला तोरा?"

"तोरा नाही तो," आतून आवाज आला.

सासूबाई. खोक्यावर बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझा हळू आवाजसुद्धा, हे मला नंतर कळलं. माझा हळू आवाज म्हणे पलीकडच्या मंडपात जातो.

"ती बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मीही दिला नसता. बिघडलेला कपडा मी कधी गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवला नाही. उगाच तिला धारेवर धरू नकोस."

बरं, भांडतेय कुणासाठी? ज्यांच्यासाठी भांडतेय त्याच समोरच्या बाजूला जाऊन बसल्या. गवंडी माझ्याकडे बघून मान हलवत होता. आम्ही दोघं एकीकडे आणि त्या दोघी एकीकडे, असं झालं.

"मग तुम्ही तुमच्या बिघडलेल्या कपड्यांचं काय करायचात?" कुंभारणीनं सासूबाईंना विचारलं. बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं.

"घरी घालायचो. माझा मुलगा लहानपणी माझ्याच चुका घालून हिंडायचा. एका सदऱ्याची एक बाही लांब होती. शाळेत नाही, घरात."

"आमचंही तेच. बाहेर चांगलं ते. घरात हे." तिनं चहाच्या कपाकडे बोट दाखवलं. "घरात काय दाखवायचंय आणि काय लपवायचंय? घरचीच तर माणसं असतात."

सासूबाईंनी कपातला उरलेला चहा संपवला आणि त्या रिकामा कप मांडीवर धरून बसल्या. बराच वेळ बसल्या. मला वाटलं गुडघे दुखतायत.

तेवढ्यात गवंड्याला काहीतरी सुचलं. तो बायकोकडे वळला. "गिऱ्हाईक कुठे उभं असतं?"

"म्हणजे?"

"कुठे असतं? पुढे ना, फळीच्या पुढे? पडद्याच्या आत तू कुणाला येऊ देतेस?"

"कुणाला नाही. घरच्यांना."

"मग या आजींना आत कुणी बसवलं? तूच. आपल्यातला चहा प्यायल्या, आपल्या खोक्यावर बसल्या. आता त्या गिऱ्हाईक कशा? घरच्याच झाल्या. घरच्या माणसाला घरातला कप दिला तर तुझ्या आईचं काय बिघडलं?"

कुंभारणीनं माझ्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं. मग ती हसायला लागली, आणि हसता हसताच म्हणाली, "गवंडी भिंती बांधायच्या सोडून वकील झाला."

"पैसे घेणार नाही मी याचे," ती सासूबाईंना म्हणाली. "पैसे घेतले की तो माल झाला. आणि कुणी विचारलं तर?"

"गवंड्यानं बांधलाय म्हणेन," सासूबाई म्हणाल्या.

गवंड्यानं कप विसळला, आपल्या सदऱ्याला पुसला, गवतात आणि कागदात इतका गुंडाळला की त्याचं गाठोडं झालं. मी फुकट घेऊन निघणाऱ्यातली नाही, म्हणून मी कुंभारणीचे कप घेतले, घरात सगळ्यांना पुरतील एवढे, पातळ, रेखीव. मी भाव करायला तोंड उघडणार तोच सासूबाईंनी शालीतून हात काढून माझ्या कोपराला टोचलं. सांगितले तेवढे पैसे दिले.

वाटेत मी दोनदा विचारलं, दमलात का, तर म्हणाल्या, नाही. घरी आल्यावर सरळ खोलीत गेल्या आणि दार लावलं. माझा धीर खचला. कप मिळाला म्हणून मी मनातल्या मनात नाचत होते, पण कप घेऊन त्या दाराआडच बसणार असतील तर मी काय मिळवलं? खोलीत तर त्या सांडवतही असत्या तरी कुणाला कळत नव्हतं. मला त्यांचा चहा नको होता, मला त्या टेबलाशी हव्या होत्या. पण हे त्यांना सांगणार कोण. पिशव्या मी दाराशीच टाकल्या आणि स्वयंपाकाला लागले. त्या दिवशी मी भांडी जरा जास्तच आपटली.

जेवायची वेळ झाली. हे आणि लेक येऊन बसले. मी सासूबाईंचं ताट वाढलं, उचललं, हे सवयीनं उठून दाराकडे निघाले. तर दार आतून उघडलं.

सासूबाई बाहेर आल्या. शाल नव्हती. दोन्ही हात मोकळे, आणि थरथरत. त्या टेबलापाशी आल्या, आपल्या खुर्चीवरच्या वर्तमानपत्रांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे काय दुकान मांडलंय?"

लेकीनं गठ्ठा उचलला. त्या बसल्या. ताट घेऊन मी मध्येच उभी, हे दाराशी उभे, कुणाला काय करावं सुचेना. मग मला कप आठवला.

"थांबा हं आई," मी म्हटलं, "गाठोडं सोडते, तो कप..."

"राहू दे तो. उद्या काढ. भूक लागलीय मला."

मी ताट ठेवलं. त्यांनी समोरचा पाण्याचा पेला घेतला. आमचा नेहमीचाच, काचेचा, पातळ. एका हातानं घेतला, दुसऱ्या हाताचा आधार दिला, आणि पाणी काठावरून उसळून ताटात, टेबलावर आणि त्यांच्या बाहीवर गेलं. त्या थांबल्या नाहीत. राहिलेलं पाणी प्यायल्या आणि पेला खाली ठेवला. तो ठेवतानाही खणखणला. लेक फडकं आणायला उठणार होती. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला.

हे तर रडायच्याच बेतात होते. माझंही काही खरं नव्हतं. काहीतरी बोलले नसते तर तिथेच रडू फुटलं असतं. आणि मला बोलायचं म्हटलं की दुसरं काय येतं.

"आई," मी म्हटलं, "टेबलावरचं कापड आजच धुऊन घातलं होतं मी."

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी कुणाला थोबाडीत मारलीय.

सासूबाईंनी ओल्या कापडाची कड चिमटीत धरली आणि उलटून बघितली. "धुतलंस ते दिसतंय. कड उसवलीय, ती दिसली नाही तुला?"

"मला कुठून दिसणार? मी दिवसभर मेळ्यात उन्हात कुणाला घेऊन हिंडत होते?"

"मला विचारून नेलं होतंस? चादर घ्यायची म्हणे. आणि भाजीत मीठ घालायचं राहिलंय का आज?"

"बरोब्बर आहे मीठ. विचारा यांना."

"त्याला काय विचारायचं, तो काहीही खातो."

हे खाली बसले आणि मान खाली घालून जेवायला लागले. लेकीनंही मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते, हसत होती का रडत होती ते मी बघितलं नाही. मी माझ्या टोकाला बसले, पहिला घास घेतला. मीठ खरंच कमी होतं. इतकं चवदार जेवण मी कितीतरी दिवसांत जेवले नव्हते.

सासूबाईंनी रिकामा पेला माझ्याकडे सरकवला.

"पाणी दे अजून," त्या म्हणाल्या. "काठोकाठ भर. अर्धं तरी पोटात जायला हवं."